वर्गातून मंडळाकडे : अमेरिकेतील पॉवर स्क्वॉड्रन्सचे नौकासुरक्षा-वर्ग आणि सभासदवृद्धीचा प्रश्न

१. विषयाचे स्वरूप

स्वेच्छेने स्थापन झालेल्या संस्थांचा इतिहास लिहिताना संस्थापक, घटना, अधिवेशने व पदाधिकारी यांची नोंद बहुधा काळजीपूर्वक केली जाते. परंतु संस्थेला नवे सभासद कोठून व कसे मिळत गेले, या प्रश्नाकडे तितके लक्ष दिले जात नाही. वस्तुतः संस्थेचे आयुष्य याच प्रश्नावर अवलंबून असते. संस्थापकांचा उत्साह एका पिढीपुरता पुरतो. त्यानंतर दरवर्षी काही नवी माणसे आत आली नाहीत, तर घटना शाबूत राहते, निशाण शाबूत राहते आणि सभा मात्र भरत नाही.

सभासद मिळविण्याचे सर्वपरिचित मार्ग दोन. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाची शिफारस करावी, हा पहिला. ज्याला वर्गणी परवडते त्याला धक्का, इमारत, भोजनगृह इत्यादी सोयींच्या मोबदल्यात प्रवेश द्यावा, हा दुसरा. १९१४ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स’ या हौशी नाविकांच्या संस्थेने याहून निराळा असा तिसरा मार्ग अनुसरला. नाव सुरक्षितपणे कशी चालवावी याचे शिक्षण सर्वसामान्य जनतेला स्वयंसेवक शिक्षकांकरवी द्यावे, त्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण झालेल्यांतून सभासद निवडावेत, असे या मार्गाचे थोडक्यात स्वरूप होते. या पद्धतीचा उगम कोणत्या परिस्थितीत झाला, ती दीर्घकाळ यशस्वी का ठरली आणि पुढे तिचा प्रभाव का ओसरला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. यंत्रनौकेचा उदय आणि अज्ञानाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन यॉट क्लब ही मुख्यतः शिडाच्या नौकांच्या मालकांची संस्था होती. नौका मोठी असे आणि ती चालविण्यास पगारी खलाशी ठेवलेले असत. लहान नौका स्वतः हाकणारा मालकही बालपणापासून कोणातरी जाणत्या माणसाच्या हाताखाली तयार झालेला असे. शिडाच्या नौकेचा गुणच असा की, वारा, प्रवाह, दोर आणि सुकाणू यांची समज नसलेल्या माणसाला ती धक्क्यापासून फार दूर जाऊच देत नाही. उमेदवारीचा काळ तेथे आपोआप भोगावा लागे.

पेट्रोलच्या यंत्राने ही स्थिती पालटली. शतकाच्या अखेरीस लहान नौकांना पुरेशी हलकी यंत्रे मिळू लागली. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड याने नावेच्या पिछाडीस बाहेरून जोडता येण्याजोगे यंत्र विक्रीस आणले आणि साधी वल्ह्याची होडीही यंत्रनौका होऊ शकली. आता दुकानदार, वकील, डॉक्टर, कारखान्यातील कारागीर असा कोणीही मनुष्य शनिवारी नौका विकत घेऊन रविवारी समुद्रात जाऊ शकत होता. यंत्राने उमेदवारीची गरज नाहीशी केली, परंतु धोका नाहीसा केला नाही; उलट वेगामुळे आणि ज्वालाग्राही इंधनामुळे त्यात भरच घातली.

शासनाने या नव्या परिस्थितीची दखल ९ जून १९१० च्या यंत्रनौका कायद्याने घेतली. या कायद्याने ६५ फुटांपर्यंतच्या यंत्रनौकांचे लांबीनुसार तीन वर्ग पाडले आणि दिवे, शिटी, घंटा, जीवरक्षक साधने व आग विझविण्याची साधने यांविषयी नियम घालून दिले. भाड्याने उतारू नेणाऱ्या नौकेच्या चालकास परवाना आवश्यक ठरला. परंतु स्वतःच्या आनंदासाठी नौका चालविणाऱ्या मालकाला काय येते आणि काय येत नाही, हे विचारण्याची तरतूद कायद्यात नव्हती. नौकेवर घंटा असलीच पाहिजे, असे कायदा सांगत होता. धुक्यात ती केव्हा व कशी वाजवावी, हे चालकास ठाऊक आहे की नाही याची खात्री करून घेण्याचा उपाय त्याच्यापाशी नव्हता. कायद्याने मोकळी सोडलेली हीच जागा पुढे पॉवर स्क्वॉड्रन्सने व्यापली.

३. स्थापना आणि पहिले महायुद्ध

बोस्टन यॉट क्लबचे एक पदाधिकारी रॉजर अप्टन हे या चळवळीचे प्रवर्तक मानले जातात. १९१२ मध्ये त्या क्लबात यंत्रनौकांच्या मालकांचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला. शिडाच्या शर्यतींत या मालकांना स्थान नव्हते, आणि क्लबातील जुन्या मंडळींच्या दृष्टीने धूर सोडणारी ही नौका काहीशी हलकीच होती. अप्टन यांनी या मालकांना आरमारी पद्धतीच्या सामुदायिक कवायतीची गोडी लावली. ठराविक अंतर राखून रांगेत चालणे, निशाणांचे संकेत ओळखणे आणि एका इशाऱ्यासरशी दिशा बदलणे, असे या कवायतींचे स्वरूप होते. त्यातूनच ‘पॉवर स्क्वॉड्रन’ म्हणजे यंत्रनौकांचे पथक, हे नाव रूढ झाले.

कवायतीने एक गोष्ट उघड केली. ज्याला होकायंत्र वाचता येत नाही किंवा समोरून येणाऱ्या नौकेस कोणत्या बाजूने जाऊ द्यावे हे कळत नाही, असा एकच चालक पथकात असला तरी संपूर्ण पथक अडचणीत येते. म्हणून कवायतीच्या मागोमाग अभ्यास आणि अभ्यासाच्या मागोमाग परीक्षा आली. २ फेब्रुवारी १९१४ रोजी सुमारे २० यॉट क्लबांचे प्रतिनिधी बोस्टन येथे जमले आणि युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स ही राष्ट्रव्यापी संस्था अस्तित्वात आली. तिचे पहिले प्रमुख अप्टन हेच होते. सभासदत्वासाठी नौका किती मोठी आहे यापेक्षा चालकास किती येते यास महत्त्व देणे, ही या संस्थेची विशेष भूमिका ठरली.

स्थापनेनंतर थोड्याच महिन्यांत युरोपात महायुद्ध पेटले. अमेरिकेच्या नौदल खात्याचे तत्कालीन साहाय्यक सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी या उपक्रमास उत्तेजन दिले. लहान नौका चालवू शकणारे नागरिक युद्धकाळात उपयोगी पडतील, हे त्यांनी ओळखले होते. ‘मोटर बोटिंग’ या मासिकाचे संपादक आणि संस्थेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक असलेले चार्ल्स चॅपमन यांनी रूझवेल्ट यांच्याच सूचनेवरून नौदलाच्या राखीव दलासाठी लहान नौकांच्या चालनाविषयीचे पाठ्यपुस्तक तयार केले. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक पुढे वाढविले गेले आणि त्याच्या आवृत्त्या चॅपमन यांच्या पश्चातही निघत राहिल्या. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा पथकांनी चालविलेल्या वर्गांतून शिकलेले अनेक तरुण सागरी सेवेत दाखल झाले.

या युद्धकालीन अनुभवाचे महत्त्व निराळ्याच कारणासाठी आहे. क्लबच्या सभासदांपुरते असलेले शिक्षण प्रथमच मोठ्या प्रमाणावर क्लबबाहेरच्या माणसांना दिले गेले. शिक्षण घराबाहेर नेल्याने संस्थेची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते, हा धडा संस्थेस येथे मिळाला. युद्ध संपल्यावर राष्ट्रीय निकड उरली नाही. सार्वजनिक वर्गाची कल्पना मात्र राहिली आणि तीच संस्थेचा कणा ठरली.

४. वर्गाचे स्वरूप

हे वर्ग सामान्यतः हिवाळ्याच्या दिवसांत, सायंकाळी, गावातील शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या खोलीत भरत. उत्तरेकडील राज्यांत या काळात नौका पाण्याबाहेर काढून झाकून ठेवलेल्या असतात. मालकाचे मन समुद्राकडे आणि हात रिकामे, अशी त्याची अवस्था असते. आठवड्यातून एक सायंकाळ असा क्रम कित्येक आठवडे चाले. शिकवणीचे शुल्क घेतले जात नसे; विद्यार्थ्यास पुस्तके व नकाशे यांपुरताच खर्च येई. शिकविणारे सारे पथकाचे सभासद असत आणि त्यांनाही वेतन नसे.

अभ्यासक्रमाचे विषय अत्यंत व्यावहारिक होते. नावेच्या डाव्या बाजूस तांबडा आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा का असतो. दोन यंत्रनौकांचे मार्ग एकमेकांस छेदत असता जिच्या उजव्या हातास दुसरी नौका दिसते तिनेच वाट द्यावयाची, हा नियम रात्री या दिव्यांवरून कसा ओळखता येतो. समुद्रातून बंदरात शिरताना तांबडे बोये उजव्या हातास ठेवावेत, हा अमेरिकन संकेत. सागरी नकाशावरील खोलीचे आकडे कोणत्या पातळीपासून मोजलेले असतात. भरती-ओहोटीचे कोष्टक कसे वाचावे, असे विषय एकामागून एक येत. होकायंत्राच्या पाठास विशेष वेळ दिला जाई. चुंबकाचे उत्तर आणि भूगोलाचे उत्तर एक नव्हे, आणि नावेतील लोखंडामुळे व यंत्रामुळे सुई आणखी ढळते, हे दोन्ही फरक हिशेबात घेऊन नकाशावरील दिशा होकायंत्राच्या दिशेत बदलणे, हा नवशिक्याची खरी कसोटी पाहणारा भाग होता. विद्यार्थी समांतर पट्टी आणि कर्कटक घेऊन बाकावर बसत आणि कागदावरच धुक्यातून बंदर गाठत.

सुरक्षिततेचा सर्वांत हितकारक पाठ कदाचित सर्वांत साधा होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती नावेच्या तळाशी साचून राहते आणि यंत्र सुरू करताना उडालेल्या एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून इंधन भरताना झडपा व दारे बंद ठेवावीत, भरून झाल्यावर ती उघडून तळातील हवा खेळती करावी, वास घेऊन पाहावे आणि मगच यंत्र सुरू करावे. या पाठास गणित लागत नाही. परंतु तो कोणी सांगितलाच नाही, तर एखाद्या सुशिक्षित मनुष्यालाही तो सुचेलच असे नाही. जीवरक्षक जाकीट नौकेत असणे आणि अंगात असणे यांतील अंतर हाही असाच दुसरा पाठ होय.

५. वर्गातून सभासद कसे घडत

या वर्गांच्या अखेरीस लेखी परीक्षा होई. उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र मिळे आणि पथकास योग्य वाटणाऱ्यांना सभासद होण्याचे निमंत्रण दिले जाई. म्हणजे वर्ग सर्वांना खुला, परंतु मंडळ निमंत्रितांना खुले, अशी दुहेरी रचना होती. या रचनेचे सामर्थ्य कशात होते, याचा विचार करता चार गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट म्हणजे भरती मागण्याच्या आधी देणे घडत असे. बहुतेक संस्था नवागतास प्रथम वर्गणी मागतात आणि नंतर लाभ देतात. येथे कित्येक आठवड्यांचे शिक्षण आधी पदरात पडे. दिवसभराचा व्यवसाय आटोपून बर्फातून वर्गावर येणाऱ्या शिक्षकास काही मिळत नाही, हे विद्यार्थी पाहत असे. त्यातून उत्पन्न होणारी ऋणाची भावना ही कोणत्याही जाहिरातीपेक्षा बलवत्तर होती, आणि ते ऋण फेडण्याचा मार्गही समोरच होता : पुढील वर्षी आपणही शिकवावे.

दुसरी गोष्ट सहवासाची. एकाच बाकावर अनेक सायंकाळी बसलेली माणसे परीक्षा होईपर्यंत परस्परांच्या नौकांची नावे, यंत्रांच्या खोडी आणि मुलाबाळांची वये जाणू लागत. सभासदत्वाचे निमंत्रण त्यांना अनोळखी मंडळाकडून येत नसे. ज्या मंडळींत ती आधीच मिसळलेली असत, त्यांच्याकडूनच ते येई. उलट बाजूने पाहता पथकासही उमेदवाराची पारख करण्यास पुरेसा अवधी मिळे.

तिसरी गोष्ट पुढच्या पायरीची. प्राथमिक वर्ग जनतेस खुला असला तरी प्रगत अभ्यासक्रम दीर्घकाळ केवळ सभासदांसाठी राखलेले होते. नाविककला, किनाऱ्यालगतचे मार्गदर्शन, प्रगत मार्गदर्शन, नंतर कनिष्ठ नौवहन व शेवटी नौवहन, अशी ही चढती श्रेणी होती. अखेरच्या दोन पायऱ्यांवर सेक्स्टंट घेऊन सूर्य व तारे यांच्या साहाय्याने भर समुद्रात आपले स्थान काढण्यास शिकविले जाई. यांखेरीज यंत्राची देखभाल, हवामान, शिडाची विद्या असे ऐच्छिक विषय होते. श्रेणी उत्तीर्ण झाल्यावर सभासद आपल्या नावापुढे तिची अक्षरे लावी. ज्याला विद्येची गोडी लागली, त्याला मंडळाचा दरवाजा ओलांडणे क्रमप्राप्तच होते.

चौथी गोष्ट सेवेच्या नोंदीची. वर्षभरात संस्थेसाठी भरीव काम करणाऱ्या सभासदास एक गुणचिन्ह दिले जाई, आणि अशी २५ चिन्हे मिळविणारा आजीव सभासद होई. शिकविणे हे या चिन्हाचे एक प्रमुख साधन असल्यामुळे वर्गास शिक्षकांची वाण पडत नसे. अशा रीतीने वर्ग सभासद निर्माण करी आणि सभासद वर्ग चालवीत.

या चक्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. निमंत्रण हे चाळणीचेही काम करी, आणि ज्ञानाची कसोटी लावणाऱ्या या संस्थेने दीर्घकाळ एक निराळीच अट कायम ठेवली होती. स्त्रिया वर्गात बसत, परीक्षा देत, उत्तीर्ण होऊन प्रमाणपत्रही मिळवीत. परंतु पूर्ण सभासदत्व त्यांना १९८२ पर्यंत मिळाले नाही. जिने तोच नकाशा तितक्याच अचूकपणे सोडविला, ती सभासदाची पत्नी म्हणून समारंभास उपस्थित राहू शकत होती. मतदानाचा अधिकार तिला नव्हता. जे मंडळ आपली प्रतिष्ठा परीक्षेवर आधारीत होते, त्याच्या दृष्टीने ही केवळ अन्यायाचीच नव्हे, तर विसंगतीचीही गोष्ट होती. तयार झालेल्या अर्ध्या विद्यार्थीवर्गास दारातच थांबविण्यात संस्थेचेही नुकसान होते.

६. विस्तार, शासन आणि समांतर संस्था

१९३८ मध्ये कॅनडातही याच धर्तीवर पॉवर स्क्वॉड्रन्सची स्थापना झाली, यावरून पद्धतीची आकर्षकता लक्षात येते. दरम्यान अमेरिकन शासनानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. २३ जून १९३९ रोजी तटरक्षक दलास जोडून नागरी नौकामालकांचे एक स्वयंसेवी दल कायद्याने निर्माण करण्यात आले. १९ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे ‘तटरक्षक साहाय्यक दल’ असे नामांतर झाले. हे दलही जनतेसाठी सुरक्षा-वर्ग चालवू लागले आणि त्यांतून आपले सभासद मिळवू लागले. दोन्ही संस्था एकाच गावात, एकाच हिवाळ्यात, जवळजवळ तेच विषय शिकवीत. तथापि, एकीचा ओढा मंडळाच्या सहजीवनाकडे व प्रगत विद्येकडे होता, तर दुसरीचा शासकीय सेवेकडे, गस्तीकडे व मदतकार्याकडे. विद्यार्थ्याने वर्ग निवडताना त्याच्या नकळत पुढील सभासदत्वही बहुधा निवडलेले असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नौकाविहार हा मध्यम वर्गाचा छंद बनला. काचतंतूंच्या ओतीव नौका स्वस्त व टिकाऊ होत्या. मोटारीमागे जोडून नेता येणाऱ्या गाड्यांमुळे समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसालाही सरोवरे व धरणांचे जलाशय जवळ आले. १९५८ च्या संघराज्य कायद्याने १० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या यंत्रनौकांची राज्यांमार्फत क्रमांकनोंदणी सुरू केली आणि अपघातांची माहिती गोळा करण्याची व्यवस्था लावून दिली. त्याच वर्षी राष्ट्रीय नौकासुरक्षा-सप्ताहासही काँग्रेसच्या ठरावाने कायमचे स्थान मिळाले. पथकांच्या वर्गांना या काळात विद्यार्थ्यांची कमतरता नव्हती. १९६३ पासून सभासदांनी शासनाच्या किनारा-सर्वेक्षण खात्यास नकाशांतील चुका व बदल कळविण्याचे कामही अंगावर घेतले. वर्गात नकाशा वाचण्यास शिकलेला विद्यार्थी येथे नकाशा दुरुस्त करणारा सहकारी झाला.

७. कायद्याने आलेला विद्यार्थी

नौकांची संख्या वाढली तसे अपघातही वाढले. १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्याने नौका बांधणाऱ्यांवर मानके लादण्याचा अधिकार तटरक्षक दलास दिला आणि राज्यांना सुरक्षाकार्यासाठी अनुदान देण्याची व्यवस्था केली. १९७३ मध्ये करमणुकीच्या नौकांवरील मृत्यूंची संख्या १,७५४ या उच्चांकास पोहोचली. यानंतरच्या दशकांत एकेका राज्याने चालकास सुरक्षाशिक्षण सक्तीचे करण्यास प्रारंभ केला. काही राज्यांनी वयाची, तर काहींनी जन्मतारखेची मर्यादा घातली. उदाहरणार्थ, मेरीलँड राज्यात १ जुलै १९७२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना प्रमाणपत्र आवश्यक ठरले. जन्मतारखेची ही युक्ती शहाणपणाची होती : जुन्या चालकांना न दुखविता काळाच्या ओघात सारेच चालक शिक्षित व्हावेत, अशी तीत योजना होती. न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने सक्ती वाढवीत नेऊन १ जानेवारी २०२५ पासून यंत्रनौका चालविणाऱ्या सर्वांनाच ती लागू केली. विविध राज्यांच्या नौकाकायदा-अधिकाऱ्यांची १९६० मध्ये स्थापन झालेली संघटना अभ्यासक्रमांस मान्यता देऊ लागली, आणि त्यामुळे कोणत्याही मान्यताप्राप्त वर्गाचे प्रमाणपत्र व्यवहारतः समान मोलाचे ठरले.

वरवर पाहता हा पॉवर स्क्वॉड्रन्सच्या ध्येयाचा विजय होता. जे अप्टन यांनी एका क्लबच्या एका विभागास पटवून दिले, ते आता अनेक राज्यांच्या विधिमंडळांस पटले होते. परंतु या विजयातच संस्थेच्या अडचणीचे बीज होते. पूर्वीचा विद्यार्थी जिज्ञासेने किंवा भीतीने, परंतु स्वेच्छेने येत असे. आताचा विद्यार्थी कायद्याची अट पुरी करण्यासाठी येऊ लागला. त्याला होकायंत्राचे दोन फरक नको होते, प्रमाणपत्र हवे होते आणि तेही नौकाविहाराचा मोसम सुरू होण्यापूर्वी. साहजिकच अनेक आठवड्यांचा वर्ग आखडत जाऊन एक-दोन दिवसांवर आला. पुढे संगणकाच्या जाळ्यावरून घरबसल्या अभ्यास करून परीक्षा देण्याची सोय झाली, आणि एका खोलीत जमण्याचीही आवश्यकता उरली नाही.

यामुळे पूर्वी वर्णिलेल्या चार गोष्टींपैकी पहिल्या दोन तर जवळजवळ लोपल्याच. ज्याने पडद्यापुढे एकट्याने बसून परीक्षा दिली, त्याच्या मनात कोणा शिक्षकाविषयी ऋण उत्पन्न होत नाही. ज्याने एक शनिवार अनोळखी माणसांत काढला, त्याला त्यांची नावेही आठवत नाहीत. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारी उपकरणे स्वस्त झाल्यावर तिसऱ्या गोष्टीचे, म्हणजे प्रगत विद्येचे, आकर्षणही मंदावले. संस्थेने आपल्या परीने उपाय योजले. प्रवेशपरीक्षेची अट सैल करून सभासदत्व सर्वांना खुले करण्यात आले. प्रत्यक्ष पाण्यावर नौका हाताळण्याचे शिक्षण सुरू झाले. नौकांची विनामूल्य सुरक्षा-तपासणी करून मालकाशी धक्क्यावरच ओळख करून घेण्याचा प्रघात पडला. आणि शतकपूर्तीनंतर ‘अमेरिकाज बोटिंग क्लब’ हे सुलभ नाव जनतेपुढे ठेवण्यात आले. तरीही सभासदसंख्येची घसरण थांबली नाही.

८. मूल्यमापन

या इतिहासाचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. वर्गांनी जीव वाचविले काय, हा पहिला; वर्गांनी संस्था वाढविली काय, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नासंबंधी तटरक्षक दलाने प्रसिद्ध केलेली आकडेवारी उपलब्ध आहे. २०१९ मध्ये मृत्यूंची संख्या ६१३ होती, म्हणजे १९७३ च्या उच्चांकाच्या सुमारे ३५ टक्के. याच अवधीत नोंदलेल्या नौकांची संख्या मात्र बरीच वाढून सुमारे १ कोटी १९ लक्ष झाली होती. २०१९ मधील ज्या मृत्यूंबाबत चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली, त्यांपैकी ७० टक्के मृत्यू सुरक्षाशिक्षण न घेतलेल्या चालकांच्या नौकांवर झाले. बुडून मृत्यू पावलेल्या ज्या व्यक्तींविषयी जीवरक्षक जाकिटाची माहिती होती, त्यांपैकी ८६ टक्के व्यक्तींनी ते घातलेले नव्हते. हे आकडे बोलके आहेत; परंतु त्यांवरून घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. एकंदर चालकांत शिक्षितांचे प्रमाण किती, हे सोबत पाहिल्याखेरीज ७० टक्क्यांचा खरा अर्थ लागत नाही. शिवाय मृत्यू घटण्यास नौकाबांधणीची मानके, सुधारलेली जाकिटे, जलद संदेशवहन व बचावकार्य हीही कारणे आहेतच. शिक्षणाचा वाटा निश्चितपणे मोजता येणार नाही. पण पेट्रोलच्या वाफेचा पाठ ज्याने ऐकला, त्याने झडप उघडल्यावाचून यंत्र सुरू करू नये, ही अपेक्षा आकड्यांवाचूनही रास्त आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक निश्चित आहे. सार्वजनिक वर्ग हेच अनेक दशके सभासदभरतीचे प्रमुख द्वार होते. त्या द्वाराचे महत्त्व कमी होण्यास सार्वत्रिक कारणेही आहेत, हे नाकारता येत नाही. अमेरिकन समाज मंडळे स्थापण्यात किती तत्पर आहे, याकडे फ्रेंच विचारवंत टॉकव्हिल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्ष वेधले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मंडळे कशी ओस पडत गेली, याचे विवेचन राजकीय विचारवंत रॉबर्ट पुटनम यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले आहे. पॉवर स्क्वॉड्रन्स या सर्वसाधारण ओहोटीला अपवाद नव्हती. तथापि, केवळ काळाला दोष देऊन या संस्थेची विशेष कहाणी उलगडत नाही. तिच्या वर्गांचा विषय कालबाह्य झाला नव्हता, उलट कायद्याने तो अनिवार्य ठरविला होता. विद्यार्थ्यांना जाण्यासारखी ठिकाणेही वाढली होती. घटला तो वर्ग आणि मंडळ यांमधील दुवा.

तो दुवा ज्ञानाचा नव्हता, हे या इतिहासावरून दिसून येते. ज्ञान पुस्तकातूनही मिळत होते. चॅपमन यांचे पुस्तक १९१७ पासून कोणासही विकत घेता येत होते. तरीही शिकण्यासाठी माणसे शाळेच्या थंड खोलीत जमत होती आणि त्यांतील काही पुढे आयुष्यभर शिकवीत राहिली. त्यांना सभासद केले ते अनेक सायंकाळच्या संगतीने आणि आपल्यासाठी कोणीतरी विनावेतन राबले, या जाणिवेने. वर्ग आखडला तेव्हा अभ्यासक्रमाचा सारांश शिल्लक राहिला. संगतीचा सारांश करता आला नाही. सार्वजनिक हितासाठी ज्ञान शक्य तितक्या सुलभ व जलद रीतीने पोहोचविले पाहिजे, यात शंका नाही, आणि ज्या चालकाचे प्राण एका दिवसाच्या वर्गाने वाचले त्याला दहा आठवड्यांच्या वर्गाची थोरवी सांगण्यात अर्थ नाही. परंतु ज्या मंडळांना शिक्षणातून माणसे जोडावयाची आहेत, त्यांना सुलभतेची ही किंमत ओळखूनच आपल्या वर्गांची मांडणी करावी लागेल. प्रमाणपत्र देऊन विद्यार्थ्यास निरोप देणारा वर्ग आणि त्यास पुढील आठवड्यात पुन्हा बोलावणारा वर्ग, हे दोन्ही उपयुक्त आहेत. मंडळाच्या नोंदवहीत नवे नाव मात्र बहुधा दुसऱ्या वर्गामुळेच पडते.